रास्पबेरी पाय ४ : सीरियल पोर्ट चालू आहे, लूपबॅकही होतो, पण आरएस-४८५ वरचा मीटर उत्तरच देत नाही

भोसरी_पॅनल यांचा प्रश्न :

नमस्कार. भोसरी एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपच्या पॅनलमध्ये रास्पबेरी पाय ४ हा एकाच बोर्डावरचा छोटा संगणक बसवायचा आहे. थ्री-फेज एनर्जी मीटर मॉडबस आरटीयूवर (आरएस-४८५ च्या तारांवरून विनंती पाठवून उत्तर घेण्याची पद्धत) वाचायचा, दर मिनिटाला नोंद ठेवायची आणि शिफ्ट संपली की ब्लूटूथ थर्मल प्रिंटरवर चिठ्ठी काढायची, एवढंच काम. सोबत डीएस३२३१ घड्याळाचं मॉड्यूल आणि १६ बाय २ चा एलसीडी आहे. घड्याळ हवंच, कारण गुरुवारी वीज बंद असली की परत आल्यावर इंटरनेट उशिरा येतं आणि तोवरच्या नोंदींवर चुकीची वेळ पडते.

ओएस रास्पबेरी पायचीच, बुकवर्म आवृत्ती, ६४ बिट. कमांड इथे देवनागरीत उतरवतोय, टर्मिनलवर अर्थातच रोमन अक्षरांत दिल्या आहेत.

आतापर्यंत केलेलं असं : ‘सुडो रास्पी-कॉन्फिग’ मधून इंटरफेस ऑप्शन्समध्ये आयटूसी (घड्याळ आणि एलसीडी ज्यावर जोडायचे ती दोन तारांची बस) चालू केलं. सीरियल पोर्टमध्ये लॉगिन शेलला ‘नो’ आणि हार्डवेअरला ‘येस’ दिलं. रीबूट केलं. ‘/डेव्ह/सीरियल०’ दिसतो. युजर ‘डायलआउट’ ग्रुपमध्ये आहे. लूपबॅकसाठी पिन ८ आणि १०, म्हणजे पाठवायची आणि ऐकायची पिन, जम्परने जोडून मिनीकॉममध्ये टाइप केलेलं जसंच्या तसं परत येतं, म्हणजे पोर्ट चालतोय.

मीटरची सेटिंग : पत्ता १, बॉड (वेग) ९६००, पॅरिटी (चूक ओळखण्यासाठी प्रत्येक अक्षरामागचा जादा बिट) इव्हन, १ स्टॉप बिट. हाच मीटर लॅपटॉपवर यूएसबी कन्व्हर्टरने लावला की पहिल्या फटक्यात वाचतो. पायवर मात्र पायथनच्या मिनिमलमॉडबसमधून दर वेळी ‘उत्तर नाही’ अशीच त्रुटी. एकदाही चुकून उत्तर आलेलं नाही.

आरएस-४८५ साठी चार पिनांचं निळं मॉड्यूल वापरलंय : आरओ (ऐकलेलं पायला देणारी), आरई (ऐकणं चालू करणारी), डीई (पाठवणं चालू करणारी), डीआय (पायकडून पाठवायचं घेणारी). व्हीसीसी ५ व्होल्टला, आरई आणि डीई एकत्र करून जीपीआयओ १८ ला म्हणजे पिन १२ ला. प्रोग्राम पाठवताना ती वर करतो आणि पाठवून झालं की खाली.

दुसरी अडचण, ‘आयटूसीडिटेक्ट -वाय १’ दिल्यावर तक्ता येतो पण सगळा रिकामा. घड्याळ नाही, एलसीडी नाही.

कुठे चुकतंय?

---

पीएल_अकरा :

लूपबॅक झाला म्हणजे पोर्ट ठीक, हा निष्कर्ष इथे फसवतो. आधी ही एक कमांड द्या :

एलएस -एल /डेव्ह/सीरियल०

बाण ‘टीटीवायएस०’ कडे जात असेल, आणि पाय ४ वर ब्लूटूथ चालू असताना तो तिकडेच जातो, तर पिन ८ आणि १० वर तुम्हाला मिनी यूएआरटी मिळालाय. यूएआरटी म्हणजे सीरियल पोर्ट चालवणारं चिपमधलं सर्किट, आणि मिनी म्हणजे त्यातलं कमी क्षमतेचं. पाय ४ मधला मुख्य, पूर्ण क्षमतेचा यूएआरटी पीएल०११ जातीचा आहे आणि तो मूळ मांडणीत ब्लूटूथ चिपला दिलेला असतो. मिनी यूएआरटीला पॅरिटी नाही. ७ किंवा ८ डेटा बिट, १ स्टार्ट, १ स्टॉप, एवढंच त्याला येतं. पायथनमध्ये तुम्ही पॅरिटी इव्हन लिहिली तरी तो तक्रार करत नाही, मुकाट्याने पॅरिटीशिवाय पाठवतो.

म्हणूनच लूपबॅक पास होतो. पाठवणारा तोच, ऐकणारा तोच, दोघेही पॅरिटी वगळतात, मग अक्षरं बरोबरच दिसणार. मीटरच्या बाजूने बघा : तो ८ बिटांनंतर पॅरिटी बिट आणि मग स्टॉप बिट शोधतो. पॅरिटीच्या जागी त्याला तुमचा स्टॉप बिट मिळतो आणि स्टॉपच्या जागी पुढच्या बाइटचा स्टार्ट बिट, म्हणजे शून्य. फ्रेमिंग बिघडली. मॉडबसमध्ये सदोष संदेशाला स्लेव्हने, म्हणजे इथे मीटरने, उत्तरच द्यायचं नसतं, त्यामुळे तुम्हाला चुकीचं उत्तरसुद्धा येत नाही, निव्वळ शांतता मिळते. ‘एकदाही आलं नाही’ असं तुम्ही लिहिलंत ते याच्याशी तंतोतंत जुळतं. ए-बी तारा उलट असत्या तरी शांतताच दिसली असती, पण लॅपटॉपवर वाचन होतंय आणि जोडणी तीच ठेवली असेल तर संशय आधी पोर्टावर घ्यायचा.

यातून तीन वाटा निघतात.

पहिली, मीटरच्या मेनूत पॅरिटी ‘नन’ करणं. बहुतेक मीटरमध्ये होतं, पाच मिनिटांचं काम. पण तरीही मिनी यूएआरटीवर राहू नका. त्याचा बॉड रेट प्रोसेसरच्या कोअर क्लॉकवरून ठरतो. ‘एनेबल_यूएआरटी=१’ असेपर्यंत तो क्लॉक बांधून ठेवलेला असतो म्हणून चालतं, पण फिफो, म्हणजे अक्षरं तात्पुरती साठवायची रांग, फक्त ८ अक्षरांची आणि फ्रेमिंग चूक ओळखण्याची सोय नाही. मोटारी फिरणाऱ्या शॉपमध्ये रोज चालणाऱ्या यंत्रणेला मी हा पोर्ट देणार नाही.

दुसरी, ब्लूटूथ बंद करून पीएल०११ पिनांवर आणणं. ‘/बूट/फर्मवेअर/कॉन्फिग.टीएक्सटी’ मध्ये ‘डीटीओव्हरले=डिसेबल-बीटी’ ही ओळ. ओव्हरले म्हणजे बूट होताना हार्डवेअरची मांडणी बदलणारी सेटिंग. रीबूटनंतर सीरियल० चा बाण ‘टीटीवायएएमए०’ कडे वळतो. सगळ्यात सरळ वाट हीच, पण तुम्हाला प्रिंटरसाठी ब्लूटूथ हवंय. ‘मिनीयूएआरटी-बीटी’ नावाचा ओव्हरलेही आहे, तो ब्लूटूथला मिनी यूएआरटीवर ढकलतो. प्रिंटरचा भार फार नसतो हे खरं, पण पाय ४ असताना ती तडजोड कशाला करायची?

तिसरी आणि तुमच्यासाठी योग्य : पाय ४ मध्ये पीएल०११ जातीचे आणखी चार यूएआरटी आहेत, २ ते ५. पाय ३ किंवा झिरो २ डब्ल्यूवर हे नाहीत. पिना अशा :

यूएआरटी२ : जीपीआयओ ० आणि १, पिन २७ आणि २८. या हॅटच्या (पायवर बसणाऱ्या जोड-बोर्डाच्या) ओळख-ईप्रॉमसाठी राखीव, सोडून द्या.
यूएआरटी३ : जीपीआयओ ४ आणि ५, पिन ७ आणि २९. वन-वायर मूळ मांडणीत जीपीआयओ ४ वरच येतं, तापमानाचा सेन्सर लावायचा असेल तर हाही नको.
यूएआरटी४ : जीपीआयओ ८ आणि ९, पिन २४ आणि २१. एसपीआय चालू केलंत की थेट टक्कर, कारण सीई० आणि मिसो याच पिना.
यूएआरटी५ : जीपीआयओ १२ आणि १३, पिन ३२ आणि ३३. तुमच्या यादीतलं काहीच इथे येत नाही. हा घ्या.

कॉन्फिग.टीएक्सटी उघडा, अगदी शेवटी जा, ‘[ऑल]’ या ओळीच्या खाली लिहा :

डीटीओव्हरले=यूएआरटी५

‘[ऑल]’ च्या खाली हे मुद्दाम सांगतोय. बुकवर्मच्या फाइलमध्ये ‘[सीएम४]’ सारखे विभाग असतात आणि त्यांच्याखाली पडलेली ओळ साध्या पाय ४ वर वाचलीच जात नाही. त्रुटी येत नाही, काही होतच नाही. फाइलची जागाही बदलली आहे, बुकवर्मपासून ती ‘/बूट/फर्मवेअर’ मध्ये असते. जुन्या लेखांत ‘/बूट/कॉन्फिग.टीएक्सटी’ असतं, तिथे लिहून उपयोग नाही.

रीबूटनंतर ‘पिनसीटीआरएल गेट १२,१३’ द्या. ओळीत ‘ए४’ आणि टीएक्सडी५, आरएक्सडी५ दिसलं पाहिजे. तिथे ‘आयपी’ म्हणजे साधा इनपुट दिसला तर ओव्हरले लागलेला नाही. हीच कमांड १४,१५ साठी दिलीत तर आत्ता ‘ए५’ आणि टीएक्सडी१ दिसेल, ती मिनी यूएआरटीची खूण. पीएल०११ असता तर ‘ए०’ आणि टीएक्सडी० दिसलं असतं. पोर्ट कुठला हे नावावरून ठरवू नका, पिनेवर प्रत्यक्ष काय आहे ते विचारा.

---

तपकीर_गल्ली :

वरचं सगळं बरोबर. पण पोर्ट बदलण्याआधी ते निळं मॉड्यूल काढा, आजच काढा.

त्यावरची ८ पायांची चिप भिंगातून वाचा. मॅक्स४८५ असेल, आणि चार पिनांच्या त्या निळ्या बोर्डवर ती असतेच, तर ती ५ व्होल्टची चिप आहे. तुम्ही व्हीसीसी ५ ला दिलंय म्हणजे आरओ पिनेवर ५ व्होल्टच्या आसपासचा ‘हाय’ येतो आणि तो सरळ पायच्या आरएक्सवर जातोय. पायच्या जीपीआयओ पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, ५ व्होल्ट सहन करण्यासाठी बनवलेल्या नाहीत. लगेच जळत नाहीत म्हणून लोक वापरत राहतात. आतला संरक्षक डायोड जास्तीचा करंट ३.३ च्या रेलकडे ढकलत राहतो आणि कधीतरी ती पिन जाते, मग सगळे सॉफ्टवेअरला दोष देत बसतात.

मॉड्यूलला ३.३ व्होल्ट देऊन चालवणं हाही उपाय नव्हे. मॅक्स४८५ ची ठरलेली मर्यादा ४.७५ ते ५.२५ व्होल्ट. टेबलावर चालेल, लांब तारेवर कधी चालेल कधी नाही.

योग्य चिप मॅक्स३४८५ किंवा एसपी३४८५, दोन्ही ३.३ व्होल्टच्या. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत विचारताना नुसतं ‘आरएस-४८५ मॉड्यूल’ म्हटलंत तर निळंच हातात येईल. ‘३.३ व्होल्टचं, ऑटो डायरेक्शनवालं’ असं सांगा आणि काउंटरवरच चिपचा नंबर वाचून घ्या.

मॉड्यूल मिळेपर्यंत थांबायचं नसेल तर मॅक्स४८५ ला ५ व्होल्ट राहू द्या आणि आरओ व पायचा आरएक्स यांच्यात दोन रोध घाला : आरओपासून १.८ के, तिथून आरएक्सला तार, आणि त्याच सांध्यापासून ग्राउंडला ३.३ के. ५ व्होल्टचे ३.२३ होतात. दुसऱ्या दिशेला काही लागत नाही, मॅक्स४८५ चा डीआय २ व्होल्टच्या वर ‘हाय’ मानतो, पायचे ३.३ पुरतात.

ऑटो डायरेक्शन का, तर तुमच्या डीई-आरईच्या पद्धतीत दुसरा सापळा आहे. ९६०० बॉड, ८ डेटा, पॅरिटी, म्हणजे एका अक्षराला ११ बिट, १.१५ मिलिसेकंद. मॉडबसची वाचन-विनंती ८ बाइटची, ती तारेवरून जायला ९ मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो. पायथनचं ‘राइट’ मात्र बाइट बफरमध्ये टाकून लगेच परततं. तेवढ्यात डीई खाली केलात तर विनंतीची शेपूट तुटते. म्हणून ‘राइट’ नंतर ‘फ्लश’ हवं. उलट उशीर झाला तर मीटर बोलायला लागतो आणि तुमचा ड्रायव्हर अजून बस धरून बसलेला असतो, उत्तराचे पहिले बाइट गेले. संदेशानंतरची सक्तीची शांतता साडेतीन अक्षरांची, म्हणजे ४ मिलिसेकंद. चपळ मीटर त्यानंतर लगेच बोलतो. लिनक्सवर सामान्य प्रोग्रामला ४ मिलिसेकंदांत हमखास पाळी मिळेलच असं नाही. मॉड्यूलने दिशा स्वतः बदलली की हा प्रश्नच उरत नाही.

आणखी एक : ए आणि बी सोबत तिसरी तार, ग्राउंड, मीटरला तसं टर्मिनल असेल तर जोडाच. नसेल तर आयसोलेटेड मॉड्यूल घ्या. एमआयडीसीत व्हीएफडी (मोटारीचा वेग बदलणारा ड्राइव्ह) नाही असं पॅनल विरळाच. ए-बीची जोडी पिळाची, शील्डवाली, व्हीएफडीच्या मोटार-केबलपासून हातभर लांबून न्या. दोन्ही एकमेकांना ओलांडत असतील तर काटकोनात ओलांडा. शील्ड एकाच टोकाला अर्थ करा.

---

पुलअप :

आयटूसीचं बोलतो.

तक्ता दिसतोय पण रिकामा आहे, म्हणजे पोर्ट चालू आहे. चालू नसता तर ‘/डेव्ह/आयटूसी-१’ सापडत नाही असं आलं असतं. दोष तारांत किंवा पिनांत.

तुम्ही कुठल्या प्रत्यक्ष पिना वापरल्या? मुख्य बस जीपीआयओ २ आणि ३ वर आहे : एसडीए पिन ३, एससीएल पिन ५. पिन २७ आणि २८ वरही काही तक्त्यांत एसडीए-एससीएल लिहिलेलं असतं, ती वेगळी बस, हॅटच्या ओळखीसाठीची. तिथे जोडलेलं उपकरण बस १ वर कधीच दिसणार नाही. पाय ४ वर आयटूसी-२० आणि २१ असेही पोर्ट दिसतात, ते एचडीएमआयचे, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

पिना बरोबर असतील तर एकेक उपकरण लावून बघा. डीएस३२३१ चा पत्ता हेक्स ६८, त्याच मॉड्यूलवरच्या ईप्रॉमचा बहुधा ५७. एलसीडीमागची पाटी पीसीएफ८५७४ ची असेल तर २७, नावाच्या शेवटी ए असेल तर ३एफ. तक्ता एकेक घर भरत हळूहळू सरकत असेल तर एखादी तार ग्राउंडला अडकलीय असं समजा.

आता व्होल्टेज. पायच्या आयटूसी पिनांवर बोर्डातच १.८ के चे पुलअप (तार ‘हाय’कडे ओढून धरणारे रोध) ३.३ व्होल्टला आहेत. डीएस३२३१ च्या मॉड्यूलवर स्वतःचे ४.७ के चे पुलअप त्याच्या व्हीसीसीला असतात. त्याला ५ दिलेत तर ते ५ व्होल्ट सरळ जीपीआयओ २ आणि ३ वर चढतात. ३.३ द्या, ही चिप २.३ व्होल्टपासून चालते. ३.३ देण्याचा आणखी एक फायदा आहे. या स्वस्त मॉड्यूलवर डायोड आणि २०० ओहममधून बॅटरीला चार्ज करणारी जोडणी असते आणि लोक त्यात सीआर२०३२ घालतात, जी चार्ज करायची नसते. ५ व्होल्टवर ती फुगू शकते. ३.३ वर डायोडमधून जेमतेम २.७ उरतात, बॅटरीच्या ३ व्होल्टपेक्षा कमी, म्हणून चार्जिंग होत नाही. तरी तो २०० ओहमचा रोध काढून टाकणं उत्तम.

एलसीडीला ५ व्होल्ट लागतात, आणि त्याच्या पाटीवरचे पुलअपही ५ ला. तिथे बीएसएस१३८ चं लेव्हल शिफ्टर (५ आणि ३.३ व्होल्टच्या तारा जुळवणारी पाटी) मध्ये घाला. नुसते पुलअप काढून काम भागवणारे असतात, पण ५ व्होल्टवर पीसीएफ८५७४ ‘हाय’ मानतो ०.७ पट, म्हणजे ३.५ व्होल्ट. पाय देणार ३.३. चाललं तर नशीब, पॅनल तापल्यावर अक्षरं भरकटली तर नवल नाही.

घड्याळासाठी कॉन्फिग.टीएक्सटीत, पुन्हा ‘[ऑल]’ खालीच :

डीटीओव्हरले=आयटूसी-आरटीसी,डीएस३२३१

रीबूटनंतर तक्त्यात ६८ च्या जागी ‘यूयू’ येईल. तो बिघाड नाही, कर्नलने चिप ताब्यात घेतल्याची खूण आहे. इंटरनेटवरून वेळ बरोबर झाली की एकदा ‘सुडो एचडब्ल्यूक्लॉक -डब्ल्यू’ देऊन ती घड्याळात लिहा, ‘-आर’ ने वाचून खात्री करा. मग लॅनची केबल काढून, पाय अर्धा तास बंद ठेवून, पुन्हा चालू करून ‘डेट’ बघा. गुरुवारची परीक्षा आधीच होऊन जाईल.

एलसीडी पॅनलच्या दारावर असेल तर तार अर्ध्या मीटरच्या आत ठेवा. आयटूसी ही बोर्डावरच्या अंतरासाठीची बस, तिची कपॅसिटन्सची मर्यादा ४०० पिकोफॅरड. तार लांबवावीच लागली तर ‘डीटीपॅरॅम=आयटूसी_एआरएम_बॉडरेट=५००००’ देऊन वेग निम्मा करा.

---

भोसरी_पॅनल :

तिघांचे आभार. सीरियल० चा बाण खरंच टीटीवायएस० कडेच होता, आणि १४,१५ वर ए५. आयटूसीच्या तारा २७ आणि २८ वर होत्या. ३ आणि ५ वर आणल्या, ५७ आणि ६८ लगेच दिसले. एलसीडी शिफ्टर येईपर्यंत काढून ठेवलाय.

मॅक्स३४८५ चं ऑटो डायरेक्शन मॉड्यूल आणलं. व्हीसीसी पिन १ च्या ३.३ ला, ग्राउंड पिन ३४ ला, टीएक्स पिन ३२, आरएक्स पिन ३३. पिनसीटीआरएल ए४ दाखवतो. आता ‘/डेव्ह/टीटीवायएएमए५’ दिसतोय, पण जुन्या लेखांत यूएआरटी५ साठी टीटीवायएएमए१ लिहिलंय. कुठला धरू?

---

पीएल_अकरा :

जो दिसतोय तो. जुन्या कर्नलवर हे पोर्ट ज्या क्रमाने सापडत त्या क्रमाने क्रमांक मिळायचे. एकच जादा पोर्ट चालू केला की तो १ व्हायचा, मग तो यूएआरटी३ असो की ५. नव्यात क्रमांक यूएआरटीशी जुळवून दिलाय. खात्रीसाठी ‘एलएस /डेव्ह/टीटीवायएएमए*’ द्या, ओव्हरलेची ओळ काढून रीबूट करा, पुन्हा द्या. जो नाहीसा झाला तो तुमचा.

प्रोग्राममध्ये सीरियल० लिहू नका, पूर्ण नाव लिहा. आणि मिनिमलमॉडबस गृहीत धरतो १९२०० बॉड, पॅरिटी नाही. दोन्ही ओळी, बॉडची आणि पॅरिटीची, स्पष्ट लिहा.

उद्या कोणी हेच पाय ५ वर करायला जाईल म्हणून सांगून ठेवतो : तिथे मांडणी वेगळी आहे. पिन ८ आणि १० वर पीएल०११ च येतो, ‘डीटीपॅरॅम=यूएआरटी०=ऑन’ लिहून, आणि नाव टीटीवायएएमए०. सीरियल० मात्र तिथे मूळ मांडणीत दोन एचडीएमआयच्या मधल्या तीन पिनांच्या डीबग सॉकेटकडे, टीटीवायएएमए१० कडे बोट दाखवतो. तिथेही सीरियल० वर विसंबलेला प्रोग्राम चुकीच्या दारावर थाप मारत बसतो.

---

भोसरी_पॅनल :

उत्तर आलं! पहिल्याच प्रयत्नात. सीआरसी त्रुटी (संदेश वाटेत बिघडल्याची खूण) एकही नाही, शंभर वाचनं घेऊन बघितली. पण आकडा भलताच आहे. मीटरच्या पडद्यावर आर फेजचं व्होल्टेज २३० आणि मला मिळतंय २.४ गुणिले १० चा उणे ४१ वा घात. फंक्शन ०४, माहितीपत्रकात रजिस्टर ३०००१, ते पत्ता ० म्हणून वाचतोय. लॅपटॉपवरच्या तयार सॉफ्टवेअरमध्ये बरोबर २३० येतं.

---

पीएल_अकरा :

पत्ता बरोबर आहे, ३०००१ म्हणजे प्रत्यक्षात ०. फक्त दोन रजिस्टरांचा क्रम उलटा आहे. ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये २३०.० म्हणजे हेक्स ४३६६ ००००. मीटर आधी ०००० आणि मग ४३६६ पाठवतोय. तसंच सरळ वाचलं तर ०००० ४३६६, आणि त्याचा फ्लोट होतो २.४ गुणिले १० चा उणे ४१. तुमचा आकडा नेमका हाच. तयार सॉफ्टवेअरमध्ये शब्द उलटवण्याची खूण आधीच लावलेली असणार.

‘रीड_फ्लोट’ मध्ये बाइटऑर्डरला ‘बाइटऑर्डर_लिटल_स्वॅप’ द्या. बाइट जागच्या जागी, फक्त दोन शब्दांची अदलाबदल. नुसतं ‘बाइटऑर्डर_लिटल’ दिलंत तर चारही बाइट उलटतील आणि वेगळाच कचरा येईल.

क्रम लागला की युनिटचा आकडाही मीटरच्या पडद्याशी ताडून बघा. काही मीटरमध्ये युनिटची बेरीज फ्लोटमध्ये नसून ३२ बिटांच्या पूर्णांकात असते, आणि सीटी रेशो (करंट ट्रान्सफॉर्मरचं गुणोत्तर) मीटरमध्ये भरलेला नसेल तर अँपिअर आणि किलोवॉट त्याच पटीत कमी दिसतात. तो दोष पायचा नाही.

---

भोसरी_पॅनल :

२३०.४. मीटरवरही तोच. ब्लूटूथ प्रिंटरही चालू आहे, दोघांचं भांडण नाही.

शेवटचं : कॉम्प्रेसरच्या पॅनलमध्ये दुसरा मीटर आहे, इथून साधारण ४० मीटर. याच तारेवर घेता येईल ना? आणि १२० ओहमचे टर्मिनेशन रोध (तारेच्या टोकांना लावायचे) कुठे लावायचे?

---

तपकीर_गल्ली :

येईल. दुसऱ्या मीटरचा पत्ता २ करा, बॉड आणि पॅरिटी पहिल्यासारखीच. तार पायपासून पहिल्या मीटरला आणि पहिल्याच्याच टर्मिनलवरून पुढे दुसऱ्याला, अशी साखळीने. पायपासून दोन वेगळ्या फांद्या काढू नका.

१२० ओहम फक्त दोन टोकांना, ए आणि बीमध्ये : एक पायकडे, एक दुसऱ्या मीटरकडे. मधल्या मीटरला नाही. तुमच्या मॉड्यूलवर तो आधीच बसवलेला आहे का ते तपासा, बहुतेकांवर असतो. सगळं बंद करून मल्टीमीटर ए-बीवर धरा : ६० ओहमच्या आसपास आलं पाहिजे. ४० आलं तर कुठेतरी तिसरा आहे.

पण थोडं थांबा. ९६०० बॉडला ४० मीटर हे अंतर किरकोळ आहे, तिथे टर्मिनेशनवाचून अडत नाही, आणि ऑटो डायरेक्शनच्या मॉड्यूलमध्ये त्याचा उलटा त्रास होऊ शकतो. ही मॉड्यूल्स ‘०’ जोर लावून पाठवतात, पण ‘१’ च्या वेळी ड्रायव्हर सोडून देतात आणि बस नुसत्या बायस रोधांवर, म्हणजे कोणी पाठवत नसताना ए वर आणि बी खाली ओढणाऱ्या रोधांवर, उभी असते. दोन १२० ओहम लागले की ते रोध कमी पडतात. हिशोब सोपा : ३.३ व्होल्ट, वर ६८० ओहम, खाली ६८०, मध्ये ६०. ए-बीमध्ये उरतात १३९ मिलिव्होल्ट. रिसीव्हरला खात्रीने ‘१’ कळायला २०० लागतात. ६८० चा आकडा ५ व्होल्टच्या काळातला, तेव्हा २११ यायचे. ३.३ वर ३९० ओहमचे दोन लावलेत तर २३६ मिळतात.

म्हणून आधी टर्मिनेशनशिवाय जोडा आणि दोन्ही मीटरची हजारेक वाचनं घ्या, कॉम्प्रेसर चालू-बंद होत असताना. सीआरसी चुका शून्य असतील तर तसंच राहू द्या. चुका आल्या तर ३९० ची जोडी पायच्या टोकाला, ए ३.३ कडे आणि बी ग्राउंडकडे, आणि मग दोन्ही टोकांना १२०. बायस एकाच ठिकाणी. मीटरवर ए-बीऐवजी अधिक-उणे लिहिलेलं असेल तर एक लक्षात ठेवा : ए-बी ही अक्षरं सगळे उत्पादक एकाच अर्थाने छापत नाहीत, म्हणून उत्तर नाही आलं तर आधी त्या दोन तारा उलटवून बघा, त्याने काही जळत नाही.

---

पुलअप :

दोन मीटर झाले की दोन विनंत्यांमध्ये ५० मिलिसेकंद तरी जाऊ द्या. आणि टाइमआउट ०.३ सेकंद ठेवा. मिनिमलमॉडबसचा मूळ ०.०५ सेकंदांचा असतो, मंद मीटर त्यात कधीकधी बसत नाही आणि मग उशिरा आलेलं उत्तर पुढच्या विनंतीच्या पदरात पडतं.